दम धरून

धान कापून झालं की दुर्ग-भिलाईच्या आसपासच्या बांध्यांमध्ये काही दिवस ओल राहते. कापलेल्या धानाची थोटं, त्यांच्यामधला मऊ चिखल, मधूनच टीचभर पाणी. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा एक पक्षी याच ओलीत उतरतो. त्याचं नाव पाणलावा. मूठभर देह, अंगाच्या मानाने भलतीच लांब सरळ चोच आणि पाठीवर तपकिरी-पिवळ्या रेघा अशा, की वाळल्या गवतात बसला की दिसेनासा होतो. माणूस अगदी पायाशी येऊन ठेपेपर्यंत तो हलत नाही. मग चिरका आवाज काढत भर्रकन उडतो, तोही सरळ नाही; डावीकडे, उजवीकडे हेलकावे घेत.

असा पक्षी बंदुकीने टिपणं सोपं नव्हतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना या शिकारीचं वेड लागलं. पाणलाव्याला इंग्रजीत ‘स्नाइप’ म्हणतात. त्याच्या शिकारीला ते ‘स्नायपिंग’ म्हणू लागले आणि मायदेशी धाडलेल्या पत्रांतून हा शब्द विलायतेला गेला. पुढे लपून, दुरून, एकेका माणसाला नेमकं टिपणाऱ्या सैनिकाला ‘स्नायपर’ हे नाव पडलं. जगभरच्या सैन्यांत आज रुळलेला हा शब्द हिंदुस्थानातल्या ओल्या शेतांतून निघाला, हे फारसं कोणाच्या ध्यानात नसतं. नाव शिकाऱ्याला मिळालं खरं, पण गुण सगळे पाखराचे आहेत. रंगात मिसळून जाणं, न हलणं, आणि धोका हाताच्या अंतरावर येईपर्यंत दम धरणं.

मराठीत दम म्हणजे श्वास आणि दम म्हणजे धीरही. नेमबाजाला हे दोन्ही अर्थ एकाच क्षणी लागू पडतात. चाप ओढताना तो अर्धा श्वास सोडतो आणि उरलेला छातीत धरून ठेवतो. बंदुकीच्या नळीचं तोंड अर्धा मिलिमीटर जरी हललं, तरी पाचशे मीटरवर गोळी हातभर बाजूला जाते. त्या अर्ध्या श्वासाआधी त्याने कदाचित सात-आठ तास तसाच दम धरलेला असतो, दुसऱ्या अर्थाने.

हा धंदा मराठी मुलखाला परका नव्हता. फारसीतला ‘करावल’ म्हणजे सैन्याच्या पुढे जाऊन टेहळणी करणारा. मोगलांच्या शिकारखान्यात जनावराचा माग काढणाऱ्यांनाही हेच नाव होतं. मराठीत त्याचा ‘करोल’ झाला. बंदुकीच्या टोकावरच्या ज्या इवल्या उंचवट्यावरून नेम धरतात, त्याला ‘माशी’ हा शब्द आला. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांची फौज रतनपुरावर चालून आली, पुढे बिंबाजी भोसल्यांनी 1758 पासून 1787 पर्यंत रतनपुरात राहून कारभार केला, आणि आज दुर्ग-भिलाई ज्या मुलखात आहे तो सगळा छत्तीसगढ नागपूरकरांच्या अमलाखाली गेला. त्या काळातली बंदूक तोड्याची. पेटती वात दारूला लागायची, रंजक भडकायची, मग बार. तोंडाने ठासायची बंदूक बस्तरच्या जंगलात पुढेही टिकून राहिली आणि तिला तिकडे ‘भरमार’ म्हणतात.

तोड्याच्या बंदुकीचा नेम कधीकधी इंग्रजांच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीहून सरस असे, पण तिच्यात एक मोठं व्यंग होतं. तिला लपता येत नसे. रात्री वातीचा निखारा दिसे, दिवसा बार झाला की पांढऱ्या धुराचा लोट बंदूकवाल्याचा ठावठिकाणा सांगून टाकी. 1880 च्या दशकात फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली आणि चित्र पालटलं. गोळी येते, माणूस कोसळतो, आणि ती कुठून आली हे कोणालाच कळत नाही. आजचा स्नायपर त्या रसायनातून जन्मला. 

त्याआधीही एक माणूस मात्र नाव ठेवून गेला, किंवा खरं तर शत्रूने त्याला नाव दिलं. 1857 च्या उन्हाळ्यात लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला. तटाबाहेर जोहान्स नावाच्या व्यापाऱ्याचं उंच घर होतं. तिथून एक बंदूकवाला इतक्या अचूकपणे गोळ्या घाली, की आतल्या गोऱ्या सोल्जरांनी त्याला ‘बॉब द नेलर’ म्हणायला सुरुवात केली. नेलर म्हणजे खिळे ठोकणारा. नवाबाच्या पदरी असलेला तो आफ्रिकी वंशाचा खोजा होता, असं इंग्रजांच्या लिखाणात येतं. त्याचं खरं नाव त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी ते शोधलंही नाही. अखेर 21 ऑगस्टला सुरुंग लावून ते घर उडवण्यात आलं. एका बंदुकीसाठी अख्खं घर उडवावं लागलं.

पहिल्या महायुद्धात हा धंदा शाळेत शिकवला जाऊ लागला. 1914 च्या ऑक्टोबरात हिंदी फौजा फ्रान्स-फ्लँडर्सच्या आघाडीवर पोचल्या. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्समधली मराठी माणसंही त्यांत होती. समोर जर्मनांकडे दुर्बिणी बसवलेल्या शिकारी रायफली होत्या आणि त्या चालवणारे अनेकजण जंगलराखे होते. खंदकातून डोकं वर आलं की गोळी. ब्रिटिशांकडे याला उत्तर नव्हतं. ते शोधलं हेस्केथ-प्रिचर्ड नावाच्या एका अधिकाऱ्याने. तो मुळात क्रिकेटपटू, प्रवासी आणि शिकारी. जर्मन नेमबाज पोलादी पत्र्याआड बसून त्याच्या भोकातून गोळी झाडत. तो पत्रा भेदायला प्रिचर्डने हत्तीच्या शिकारीच्या जड रायफली मागवल्या. 1916 मध्ये त्याने लिंगेमला नेमबाजी, टेहळणी आणि माग काढण्याची शाळा उघडली.

त्याची एक युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. कागदाच्या लगद्याचं हुबेहूब माणसाचं डोकं करून घ्यायचं, रंगवायचं, त्यावर टोपी घालायची. खंदकाच्या काठाला लाकडी खाच ठोकायची आणि त्या खाचेत डोक्याची काठी सरकवून ते हळूच वर करायचं. कधी त्याच्या तोंडात पेटती सिगारेट, आणि खाली बसलेला शिपाई रबरी नळीतून तिचा झुरका घेतोय. जर्मन फसला, गोळी झाडली, की डोक्यात समोरून एक भोक आणि मागून एक भोक. मग डोकं नेमकं पेरिस्कोपच्या उंचीइतकं खाली घ्यायचं आणि पेरिस्कोप लावून त्या दोन भोकांतून सरळ पाहायचं. नजर थेट गोळी सुटली त्या जागी जाऊन पोचते. कागदाच्या डोक्याने माणसाचा पत्ता सांगितला.

तिकडे मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात पुण्याची सहावी डिव्हिजन अडकली होती. 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या जवळपास पाच महिन्यांत उपासमारीइतकाच धाक नदीपलीकडच्या तुर्की बंदुकांचा होता. तिग्रिस दोन पावलांवर, पण दिवसाउजेडी तिचं पाणी भरायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. भिस्ती टिपले जात. मशकीतल्या पाण्याला तिथे माणसाच्या प्राणाची किंमत होती, आणि ज्यांनी ती मोजली त्या भिस्त्यांची नावं मराठी घरांतूनही आता पुसली गेली आहेत.

इथून गोष्ट भिलाईकडे येते, आणि ती पोलादाच्या वाटेने येते.

2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. नागपूर-हावडा लोहमार्गावर दुर्गच्या शेजारी दहा लाख टनांचा पोलाद कारखाना उभा राहायचा होता. धातुक दल्ली-राजहराचं, चुनखडी नंदिनीची. सोव्हिएत बाजूचा मुख्य अभियंता म्हणून 1957 ते 1959 या काळात व्हेनिअमिन दिमशित्स भिलाईत होते. युद्धाच्या वर्षांत ते उरल डोंगरांपलीकडच्या मॅग्निटोगोर्स्कमध्ये बांधकामाचे प्रमुख होते आणि त्या गावच्या पोलादाने सोव्हिएत रणगाड्यांना चिलखत पुरवलं. युद्ध संपल्यावर जर्मनांनी उद्ध्वस्त केलेला झापोरोझियाचा पोलाद कारखाना त्यांनी पुन्हा उभा केला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. वर्षभराने, फेब्रुवारी 1960 मध्ये, निकिता ख्रुश्चेव्ह स्वतः भिलाई पाहायला आले. सतरा वर्षांपूर्वी हाच माणूस स्टालिनग्राड आघाडीच्या युद्धमंडळावर होता.

मॅग्निटोगोर्स्क आणि स्टालिनग्राड या दोन नावांमध्ये जगातल्या सर्वांत प्रसिद्ध स्नायपरचं आयुष्य मावतं. वासिली झाइत्सेव्ह 1915 मध्ये उरलच्या पायथ्याशी शेतकऱ्याच्या घरी जन्मला. आजोबांनी त्याला लहानपणीच जंगलात नेलं, माग वाचायला शिकवलं, थंडीत निपचित पडून राहायला शिकवलं. मग तो मॅग्निटोगोर्स्कच्या बांधकाम तंत्रशाळेत शिकला. 1937 पासून पॅसिफिक आरमारात त्याला काम मिळालं ते हिशेबाचं. पगारपत्रकं लिहिणारा हा बुटका कारकून 1942 मध्ये स्वतः अर्ज करून आघाडीवर गेला आणि 22 सप्टेंबरला 284 व्या रायफल डिव्हिजनबरोबर व्होल्गा ओलांडून जळत्या स्टालिनग्राडात उतरला. अंगात पायदळाचा डगला, पण आत खलाशाचा पट्ट्यापट्ट्यांचा बनियन. तो त्याने सोडला नाही.

स्टालिनग्राडची लढाई शहरातली म्हणून सांगितली जाते. खरं तर तिचा फार मोठा भाग कारखान्यांतला आहे. ‘लाल ऑक्टोबर’ हा पोलाद कारखाना, ‘बॅरिकाडी’ हा तोफांचा, त्याच्या पलीकडे ट्रॅक्टरचा. भट्टीच्या एका बाजूला रशियन, दुसऱ्या बाजूला जर्मन, असे दिवस गेले. भिलाईच्या माणसाला ते डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडू नयेत. ज्याने आपल्या पाळ्या रोलिंग मिलच्या छपराखाली काढल्या, त्याने ते छप्पर कोसळलेलं, क्रेनचे गर्डर वाकलेले, स्लॅगचे ढिगारे बर्फाने झाकलेले अशी कल्पना करावी. आता त्या ढिगाऱ्याआड पोटावर पडून एक माणूस पहाटेपासून समोरच्या खिडकीकडे पाहतो आहे.

झाइत्सेव्हच्या हातात 1891 सालच्या घडणीची, पुढे सुधारलेली मोसिन रायफल होती आणि तिच्यावर साधारण साडेतीन-चार पट मोठं दाखवणारी दुर्बीण. एका जागेवरून दुसरी गोळी सहसा झाडायची नाही. काठीवर शिरस्त्राण चढवून शत्रूला फसवायचं. जोडीने बसायचं, एकाने पाहायचं, दुसऱ्याने नेम धरायचा, आणि डोळे थकले की अदलाबदल. अंधार पडण्याआधी उठायचं नाही, हातपाय गोठले तरी. मेतिज़ या खिळे-तारांच्या कारखान्यात त्याने आपल्या हाताखाली माणसं तयार केली. रशियनमध्ये ‘झायात्स’ म्हणजे ससा, म्हणून या चेल्यांना लोक ‘सशाची पिल्लं’ म्हणत. 10 नोव्हेंबर ते 17 डिसेंबर 1942 या काळात त्याच्या नावावर 225 बळी लागले, त्यात 11 शत्रूचे स्नायपर. जानेवारी 1943 मध्ये स्फोटाने त्याच्या डोळ्यांना जबर इजा झाली. नेत्रतज्ज्ञ फिलातोव्ह यांनी ते वाचवले. युद्धानंतर त्याने कीव्हमध्ये कारखाना चालवला आणि 15 डिसेंबर 1991 रोजी, सोव्हिएत संघ मावळण्याच्या दहा दिवस आधी, तो वारला.

या माणसात सिनेमातला वीर शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. त्याच्यात दिसतो तो कारागीर. हत्यार स्वच्छ ठेवणं, माप चुकू न देणं, एकच काम शंभरदा न कंटाळता करणं. हे गुण तर लेथवरच्या माणसाचे, फाउंड्रीतल्या साचे करणाऱ्याचे, रात्रपाळीत भट्टीचा रंग पाहून तापमान ओळखणाऱ्याचे. ल्युडमिला पावलिचेंकोचीही कुळकथा तीच. कीव्हच्या ‘आर्सेनल’ कारखान्यात ती धातूला पैलू देणारी कामगार होती, मग इतिहासाची विद्यार्थिनी. ओडेसा आणि सेवास्तोपोलच्या लढायांत तिच्या नावावर 309 बळी लागले. सेवास्तोपोलला तिचा नवरा, तोही स्नायपर, मेला. 1942 च्या उन्हाळ्यात जखमी झाल्यावर तिला अमेरिकेला पाठवण्यात आलं. व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांनी तिचं स्वागत केलं आणि वार्ताहरांनी तिला विचारलं की आघाडीवर बायका लिपस्टिक लावतात का. पंचवीस-सव्वीस वर्षांची, नवरा नुकताच गमावलेली बाई. या प्रश्नाचा राग आजही येतो.

फिनलंडचा सिमो हाय्हा याच जातीचा. शेतकरी आणि शिकारी. 1939-40 च्या हिवाळी युद्धात त्याने दुर्बीण वापरलीच नाही, कारण दुर्बिणीसाठी डोकं थोडं वर घ्यावं लागतं आणि काच उन्हात चमकते. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तो तोंडात बर्फ धरी.

आकड्यांबद्दल मात्र जपून बोललं पाहिजे. हाय्हाचे पाचशे, पावलिचेंकोचे तीनशे, झाइत्सेव्हचे सव्वादोनशे हे आकडे लढाईच्या धुमाळीत कोणी प्रेतं मोजून काढलेले नाहीत. सोव्हिएत स्नायपरकडे एक वही असे, तिच्यात साक्षीदाराच्या सहीने नोंद होई, आणि ती नोंद आघाडीच्या वर्तमानपत्रांना हवी असे. झाइत्सेव्हने एका नामांकित जर्मन मेजरला अनेक दिवसांच्या द्वंद्वानंतर टिपलं, ही गोष्ट तर जगभर गेली. जर्मन कागदपत्रांत तसा मेजर सापडत नाही. म्हणून झाइत्सेव्ह खोटा ठरत नाही. पण त्या आकड्याच्या मागे जी माणसं आहेत, त्यांची जेवणं, पत्रं, घरं, ती आकड्यामुळे झाकली जातात, हे त्याहून जास्त बोचतं.

कारण स्नायपर हा असा सैनिक आहे ज्याला समोरच्याचा चेहरा दिसतो. तोफखान्याचा गोलंदाज दहा मैलांवरच्या नकाशावर गोळा टाकतो, त्याला काही दिसत नाही. स्नायपरला दुर्बिणीतून दाढीची खुंटं दिसतात, विडी शिलगावणारा हात दिसतो. म्हणूनच त्याच्याबद्दलचा राग वेगळा असे. पकडला गेलेला स्नायपर कैदी म्हणून जिवंत राहण्याची शक्यता कमी. आणि स्वतःच्या खंदकातही त्याचं स्वागत होतंच असं नाही. त्याने गोळी झाडली की थोड्या वेळाने शत्रूच्या उखळी तोफा त्याच जागेवर आग ओकणार, आणि तोवर तो दुसरीकडे निघून गेलेला असणार. मार खाणार ते तिथेच बसलेले शिपाई. एकाकीपणा हा त्याच्या कामाचा भाग होता.

दुर्बिणीच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं, हे एकदा तरी नावानिशी सांगायला हवं. यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात, त्याच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. सोबत यायला कोणी उरलेलं नाही हे ठाऊक असून तो एकटा त्या मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्ब फेकून त्याने ती बंद पाडली, एकाला टॉमीगनने मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठोकलं. ठाणं त्याचं झालं. आणि त्याच क्षणी लपलेल्या जर्मन स्नायपरांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. त्याने जिंकलेल्या जागेतच तो गेला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीत त्याची समाधी नाही, कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. 2023 मध्ये पेरुजिया प्रांतातल्या मोंतोने गावात त्याच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं गेलं.

ज्यांनी त्या गोळ्या झाडल्या त्यांची नावं कुठेच नाहीत. त्यांनी त्याला पाहिलं होतं. तो मशीनगनकडे धावत होता ते, बंदूक उलटी धरली ते. एवढं पाहून चाप ओढताना त्यांच्या मनात काय आलं असेल, हा प्रश्न इतिहासाच्या कागदांत मावत नाही, आणि तरी तो सुटतही नाही.

स्वातंत्र्यानंतर हिंदी सैनिकाची ही लढाई डोंगरावर गेली. त्याच्या हाती आलेली दुर्बिणीची रायफल सोव्हिएत घडणीची. इझेव्हस्कच्या येव्गेनी द्रागुनोव्ह यांनी ती रचली आणि 1963 मध्ये तिथल्या सैन्याने ती स्वीकारली. काडतूस मोसिनचंच, 1891 पासून चालत आलेलं. गोळी सेकंदाला सुमारे 830 मीटरच्या वेगाने सुटते, तरी सहाशे मीटर गाठेपर्यंत जवळपास सेकंदभर जातो आणि तेवढ्यात ती कित्येक मीटर खाली ओढली जाते. हा हिशेब मैदानावरचा. डोंगरात तो बदलतो. हवा विरळ, म्हणून गोळीला अडथळा कमी, ती वर लागते. चढ किंवा उतार असेल तर गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात फक्त आडवं अंतर धरायचं. 45 अंशांच्या कड्यावर सहाशे मीटर दूर दिसणारा माणूस प्रत्यक्षात सव्वाचारशे मीटरवर समजून नेम धरायचा. त्यात दरीतून उलटसुलट वाहणारा वारा. हातमोज्यात चाप जाणवत नाही, मोजा काढला तर बोट गोठतं. 2019 च्या सुमारास उत्तर कमांडच्या जवानांना अधिक पल्ल्याच्या बरेट आणि बेरेटा रायफली मिळाल्या. हिशेब मात्र माणसालाच करावा लागतो.

भिलाईचा या नेमबाजीशी आजचा धागा सीमा सुरक्षा दलाचा. या दलाचं छत्तीसगढमधलं फ्रंटियर मुख्यालय भिलाईत उभं राहिलं. या दलाची नेमबाजीची शाळा होळकरांच्या इंदूरात आहे, सेंट्रल स्कूल ऑफ वेपन्स अँड टॅक्टिक्स. आठ आठवड्यांचा स्नायपर अभ्यासक्रम तिथे चालतो. स्वतःचा वेष गवत, पालापाचोळा आणि गोणपाटाच्या चिंध्यांनी स्वतःच तयार करायचा, आणि प्रशिक्षकाच्या नजरेला न सापडता त्याच्या जवळ सरकत जायचं. मार्च 2024 मध्ये हिमाचलच्या सब-इन्स्पेक्टर सुमन कुमारी तिथून दलातल्या पहिल्या महिला स्नायपर म्हणून बाहेर पडल्या. त्या तुकडीत 56 पुरुष होते आणि त्या एकट्याच बाई. मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कला 1943 मध्ये महिलांची स्नायपर शाळा निघाली होती, हजाराहून अधिक मुली तिथून आघाडीवर गेल्या. इथे त्याला ऐंशी वर्षं लागली.

वरून नेम धरणाऱ्याच्या समोर खालून चढत जाणं कसं असतं, हे छत्तीसगढला दोन नावांमुळे ठाऊक आहे. मे 1987 मध्ये सियाचीनवर, पाकिस्तानी ‘कायद’ ठाण्याच्या टेहळणीसाठी सेकंड लेफ्टनंट राजीव पांडे यांची गस्त बर्फाच्या उभ्या भिंतीवर चढली. वरून गोळीबार झाला. 29 मे रोजी राजीव आणि त्यांचे बहुतेक सोबती गेले. त्यांनी बांधलेले दोर तसेच राहिले. पुढच्या महिन्यात नायब सुभेदार बाना सिंग आणि त्यांचे साथी त्याच वाटेने वर गेले आणि ठाणं घेतलं. त्या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन राजीव’.

दुसरं नाव भिलाईचं. नाईक कौशल यादव, 9 पॅरा. जन्म 1969 चा, भिलाईत. 25 जुलै 1999 रोजी, कारगिलचं युद्ध संपायला एकच दिवस उरलेला असताना, द्रास भागातल्या झुलू टॉपवरच्या हल्ल्यात ते आपल्या तुकडीच्या पुढे होते. वर दगडांच्या आडोशाला शत्रू, खाली उभा कडा. कड्यात दोर बसवत ते चढले, वर पोचून हातबॉम्ब आणि बंदुकीने लढले, शत्रूचे पाच जण मारले, आणि गोळ्या लागून तिथेच कोसळले. मरणोत्तर वीरचक्र.

छत्तीसगढ सरकार खेळाडूंना जे पुरस्कार देतं, त्यांपैकी कनिष्ठ गटाच्या पुरस्काराला शहीद कौशल यादव यांचं नाव आहे आणि वरिष्ठ गटाच्या पुरस्काराला शहीद राजीव पांडे यांचं. भिलाईच्या मैदानांवर घाम गाळणारी एखादी मुलगी आधी कौशलच्या नावाचं मानपत्र घरी आणते, आणि काही वर्षं आणखी टिकली तर राजीवच्या नावाचं.